आप्पांचा शनिवार

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

मी नाशिकमध्ये इंदिरानगरला राहतो, नोकरी अंबडला. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, 76 वर्षांचे आहेत. प्रेसमधून रिटायर झाले. आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांची पाठ आणि खांदे दुखतात. एक्स-रेमध्ये वयाप्रमाणे मणक्यांची झीज दिसते, बाकी रिपोर्ट नॉर्मल. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. दर शनिवारी पंचवटीतून एक मालीशवाले काका येतात, 400 रुपये घेतात. आप्पा सकाळी सातपासून चटई अंथरून, वाटीत तेल काढून तयार बसलेले असतात. माझी बायको म्हणते की शनिवार-रविवार ते दुखण्याची गोळी मागत नाहीत, सोमवारपासून पुन्हा सुरू. म्हणजे फायदा दोन दिवसांचाच. मला वाटतं हे मनाचे खेळ आहेत आणि त्यांना आता सवय लागली आहे. आई असताना ती रोज रात्री काशाच्या वाटीने त्यांच्या तळपायांना तूप चोळायची, तेही गेलं. मागच्या महिन्यात एका शनिवारी काका आले नाहीत. आप्पा मला म्हणाले, "तूच जरा पाठीवरून हात फिरव." मला काही सुचेना, मी मेडिकलमधून मलम आणून दिलं. मसाजने खरंच काही बरं होतं का? की हे बंद करावं?

उत्तर:

काकांना बंद करू नका. आणि आप्पांनी तुमच्याकडे जे मागितलं, ते त्यांना द्या. माझं उत्तर एवढंच आहे. ते का आणि कसं, हे आता सविस्तर लिहिते.

मसाजने काय होत नाही ते आधी सांगते, कारण या विषयात थापा फार चालतात. झिजलेला मणका चोळून भरून येत नाही. 'अंगातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात' असं पाट्यांवर लिहिलेलं असतं, पण ते काम मूत्रपिंडं आणि यकृत करतात, तेलाचा त्याच्याशी संबंध नाही. पाठदुखी आणि मसाज यांवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने 2015 मध्ये घेतला, तेव्हा निष्कर्ष सावधच निघाला: काही काळ दुखणं कमी होतं, पण तो फायदा पुढे टिकतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2017 मध्ये ज्या सूचना काढल्या, त्यांत नव्याने उद्भवलेल्या पाठदुखीला गोळीच्या आधी शेक, मसाज असे उपाय करून पाहा असं म्हटलं आहे. जुन्या पाठदुखीसाठी मात्र व्यायामाचं नाव पुढे आहे.

म्हणजे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, फायदा थोड्या दिवसांचाच असतो. पण त्या 'दोन दिवसांचाच' मधला 'च' मला मान्य नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या जठरावर आणि मूत्रपिंडांवर भार टाकतात, आणि शुगर असलेल्या माणसाची मूत्रपिंडं तर आधीच जपायची असतात. 76 वर्षांच्या माणसाचे आठवड्यातले दोन दिवस गोळीवाचून जात असतील, तर ती मोठी गोष्ट आहे. तुमच्या बायकोने ते नेमकं टिपलं, याबद्दल त्यांचं कौतुक करायला हवं.

आता 'मनाचे खेळ'. मूल पडलं की आपण धावत जाऊन त्याचा गुडघा चोळतो, आणि ते खरंच शांत होतं. याची उपपत्ती रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी 1965 मध्ये मांडली. दुखण्याची आणि स्पर्शाची खबर मज्जारज्जूत एकाच ठिकाणाहून वर मेंदूकडे जाते, आणि स्पर्शाची खबर जोरात आली की दुखण्याची वाट अंशतः अडवली जाते. या सिद्धांतात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मुख्य कल्पना टिकून आहे. तेव्हा शनिवारी आप्पांचं दुखणं कमी होतं ते खरोखर कमी होतं. ते तुम्हाला फसवत नाहीत आणि स्वतःलाही नाही.

याहून महत्त्वाचं असं आहे की आपल्या त्वचेत स्पर्शाच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. एक जलद: काय लागलं, कुठे लागलं, खरखरीत की गुळगुळीत, हे सांगणारी. दुसरी अगदी संथ. केस असलेल्या त्वचेत, म्हणजे पाठ, दंड, कोपर ते मनगट इथे, काही बारीक मज्जातंतू असे असतात की सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर अशा सावकाश गतीने, हलक्या आणि अंगाइतक्याच उबदार स्पर्शाने ते सगळ्यात जास्त जागे होतात. भरभर चोळलं की ते मंदावतात. त्यांची खबर मेंदूत भावनांशी निगडित भागाकडे जाते. आपण ज्याला पाठीवरून हात फिरवणं म्हणतो, नेमक्या त्याच गतीसाठी शरीरात वेगळी सोय केलेली आहे. आप्पांनी तुमच्याकडे मागितलं ते हेच. आणि वय वाढलं की बोटांची बारीक पारख कमी होते, सुईत दोरा ओवता येत नाही, पण हळुवार स्पर्शाचं सुख कमी होत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे खांदा आखडलेली एक आजी येत असे, निफाडकडची, सारा जन्म द्राक्षाच्या मळ्यात गेलेला. दहा मिनिटं मशीन, मग हाताने खांदा सोडवायचा, असा तिचा क्रम ठरलेला. एके दिवशी मशीनची वायर लावता लावता ती माझा हात धरून म्हणाली, "हे राहू दे बाई, तू हातानंच कर." मी मशीनही लावलं, कारण ते गरजेचं होतं, पण त्या दिवसापासून हाताचा वेळ वाढवला. तिचा खांदा लवकर सुटला की नाही हे मी सांगू शकत नाही. ती व्यायामाला टाळाटाळ करायची ते मात्र थांबलं, आणि आखडलेल्या खांद्यात अर्धं काम तेच असतं.

आता जरा आप्पांच्या आठवड्याकडे बघा. सोमवार ते शुक्रवार त्यांना कोण हात लावतं? चहाचा कप हातात मिळतो, पेपर मिळतो, औषधाची डबी मिळते. नातवंडं परीक्षेला जाताना पाया पडतात, तो क्षणभराचा स्पर्श, तोही पायाला. डॉक्टर बीपीचा पट्टा बांधतात. महिन्यातून एकदा केस कापणारा डोक्याला हात लावतो. संपलं.

आपल्याकडे स्पर्शाची रीत किती छान बांधलेली आहे पाहा. बाळ जन्मलं की मालीशवाली बाई ठरते, टाळू भरली जाते, पायांवर घेऊन न्हाऊ घातलं जातं. बाळंतिणीला सव्वा महिना तेल आणि शेक. लग्नात हळद. नरकचतुर्दशीला पहाटे चाळिशीच्या मुलालाही आई पाटावर बसवून तेल-उटणं लावते. बायका एकमेकींचं डोकं विंचरतात, तेल घालतात, बोलता बोलता मांडीवर हात ठेवतात. पण मोठ्या झालेल्या पुरुषाला या घरात स्पर्श मिळतो तो एका बायकोकडून, आणि तोही चार भिंतींच्या आत. ती गेली की तो माणूस एका दिवसात कोरडा पडतो. कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तो त्याबद्दल बोलत नाही. तो म्हणतो, पाठ दुखते.

तुम्ही स्वतःच लिहिलं आहे की आई गेल्यापासून दुखणं सुरू झालं. पाठ निव्वळ दुःखाने दुखते असं माझं म्हणणं नाही. पण मणके काही दोन वर्षांत झिजत नाहीत, आई होत्या तेव्हाही ते झिजलेलेच होते. तेव्हा रोज रात्री कोणीतरी त्यांचे पाय मांडीवर घेत होतं.

लहान बाळाच्या बाबतीत आपण हे सगळं चटकन मान्य करतो. मायामीत टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये दाखवून दिलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रोज तीन वेळा 15 मिनिटं, असं दहा दिवस मालीश केलं तर त्यांचं वजन इतर बाळांपेक्षा 47 टक्के जास्त वाढतं. कोलंबियात बोगोटा इथे 1978 मध्ये काचपेट्या कमी पडत होत्या म्हणून डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आज त्याला कांगारू मदर केअर म्हणतात आणि आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतही ते चालतं. बाळाला स्पर्श हवा हे कोणाला पटवून द्यावं लागत नाही. मग त्याच त्वचेला 76व्या वर्षी त्याची गरज का नसेल?

आणखी एक प्रयोग तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. जेम्स कोन या मानसशास्त्रज्ञाने 2006 मध्ये विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं आणि विजेचा हलका झटका बसू शकतो असं आधी सांगून ठेवलं. एकट्या असताना त्यांच्या मेंदूतले धोक्याचे भाग बरेच जागे झाले. अनोळखी माणसाने हात धरला तेव्हा थोडे शांत झाले. नवऱ्याने हात धरला तेव्हा सगळ्यात जास्त. काका परके असूनही आप्पांना त्यांच्या हाताने बरं वाटतं, हे यात बसतं. तुमच्या हाताने काय होईल, हेही यातच आहे.

तुम्ही मलम आणून दिलंत ते मायेनेच दिलंत, याबद्दल मला शंका नाही. 'काही सुचेना' हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. तुमच्या वयाच्या कितीतरी मुलांचं हेच होतं. वडिलांना शेवटचा हात कधी लावला ते आठवत नाही, आणि आता लावायचा तर कसा, म्हणून अवघडायला होतं. म्हणून पाठीपासून सुरुवात करू नका, हातापासून करा.

रात्री जेवण झाल्यावर तासाभराने, टीव्हीवर बातम्या चालू असताना आप्पांच्या शेजारी बसा. समोर नको, शेजारी. चमचाभर तिळाचं तेल घ्या. नाशिकची थंडी असेल तर वाटी गरम पाण्यात धरा, गॅसवर ठेवू नका, आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. "आप्पा, हात द्या जरा" एवढंच म्हणा. त्यांनी नाही म्हटलं तर नाही, परवा पुन्हा विचारा. हात दिला तर त्यांचा तळहात तुमच्या डाव्या हातावर विसावू द्या आणि उजव्या हाताचा पूर्ण पंजा मनगटापासून कोपरापर्यंत सावकाश न्या. एवढ्या अंतराला सहा-सात सेकंद लागले पाहिजेत. पहिल्यांदा तुम्हाला ते फारच हळू वाटेल, तरी तसंच करा. मग प्रत्येक बोट मुळापासून टोकापर्यंत, अंगठ्याखालचा गादीसारखा भाग अंगठ्याने गोल, आणि मग दुसरा हात. दहा मिनिटं पुरतात. बोलायलाच हवं असं नाही, पण बहुतेक वेळा माणसं बोलतात.

आठ-दहा दिवसांनी खांद्यावर या. त्यांना खुर्चीत उलटं, खुर्चीच्या पाठीकडे तोंड करून बसवा, पुढे उशी द्या. तुम्ही मागे उभे राहा. मानेच्या बुंध्यापासून खांद्याच्या टोकापर्यंत दोन्ही पंजे सावकाश न्या, मग खवाट्याच्या आतल्या कडेने वरून खाली. कण्याच्या हाडावर दाब कधीच नको, दाब द्यायचा तो कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर, आणि तोही "किती जोरात हवंय?" असं विचारून. या वयात हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. पाठीवर नातवाला उभं करणं, गुडघा टेकवणं, हे प्रकार पूर्ण बंद.

काशाची वाटी घरात असेलच, नसली तर भांडीबाजारात मिळते. ती पुन्हा सुरू करा, पण थोडं जपून. वाटीने तळवा काळा होतो म्हणजे उष्णता निघाली असं लोक म्हणतात. ते काळं तुपाशी रगडल्या गेलेल्या धातूचं असतं, त्यावरून काही मोजायला जाऊ नका. मात्र झोप चांगली लागते हा अनुभव बहुतेकांचा आहे, आणि अष्टांगहृदयातही रोजच्या अभ्यंगात डोकं, कान आणि तळपाय यांच्याकडे विशेष लक्ष द्या असंच सांगितलं आहे. आप्पांना शुगर आहे, म्हणजे पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. वाटी फिरवण्याआधी चांगल्या उजेडात दोन्ही तळवे नीट बघा: भेग, फोड, जखम, रंग बदललेला? काही दिसलं तर तूप-वाटी बाजूला ठेवून डॉक्टर. बोटांच्या बेचक्यांत तूप-तेल राहू देऊ नका, तिथे बुरशी धरते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उठण्याआधी तळवे कोरड्या पंचाने खसखसून पुसा. तुपाचा पाय आणि गुळगुळीत फरशी, यातून खुब्याचं हाड मोडलेली किती माणसं मी पाहते. रात्री बाथरूमपर्यंतचा दिवा चालू ठेवा.

मालीश कधी करायचं नाही तेही ध्यानात ठेवा. ताप असताना नाही. जेवल्याबरोबर नाही. एकाच पोटरीला सूज, लाली, गरमपणा आणि दुखणं असेल तर मुळीच नाही, आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हात हलकाच. आणि मान कडकन मोडून देणं, जे कटिंगनंतर सलूनमध्येही सर्रास करतात, ते काकांनाही करू देऊ नका. क्वचित का होईना, मानेतली रक्तवाहिनी फाटून अर्धांगवायू होतो, आणि त्या 'कडक' आवाजाने काहीही जागेवर बसत नसतं.

खांदेदुखीसोबत छातीत जड वाटणं, घाम, दम लागणं असं काही झालं तर तेल शोधत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. पाठदुखीसोबत वजन घटत असेल, रात्री पडून राहूनही दुखत असेल, पायातली ताकद गेली असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल तर डॉक्टरकडे त्याच दिवशी. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, तरी विचारून घ्या, कारण वडीलमंडळी आपणहून सांगत नाहीत.

मालीश आहे म्हणून चालणं सोडायचं नाही. इंदिरानगरला जॉगिंग ट्रॅक जवळच आहे, संध्याकाळी वीस मिनिटं त्यांना घेऊन जा. रस्ता ओलांडताना हात धरा आणि ओलांडून झाल्यावर लगेच सोडू नका. तुम्हाला शास्त्रोक्त अभ्यंग करून घ्यायचं असेल तर पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथे वैद्यांना दाखवून, शुगर सांगून करता येईल. पण त्यासाठी काकांना काढू नका. दोन वर्षं दर आठवड्याला घरी येणारा माणूस एव्हाना आप्पांचा सोबतीही झाला असणार.

आणि नातवंडांना यात घ्या. "आजोबांचे पाय चेपून दे" हे वाक्य आपल्या घरांतून नाहीसं होत चाललं आहे, ते पुन्हा आणा. ओरडून, कामासारखं लावून नको. एकदा तुम्ही आप्पांचा हात घेऊन बसलेले मुलांना दिसलात की ती आपोआप येतील.

400 रुपयांचं म्हणाल तर ते शक्यतो आप्पांना स्वतःच्या पेन्शनमधून देऊ द्या, ते त्यांना आवडेल. तुम्ही या शनिवारी सकाळी घरी थांबा आणि काका काम करत असताना बाजूला बसून नीट बघा. खवाट्याच्या कडेला ते कुठे थांबतात, अंगठा किती दाबतात, आप्पा कुठे 'हं' म्हणतात. त्यांना सांगा, "मला पण दाखवा." बहुतेक काका आनंदाने दाखवतील, आणि मधल्या सहा दिवसांचं तुमचं तुम्हाला जमेल.